भेट रद्द

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

एक कोडं घालते. ते तुझ्याही पाहण्यात आलं असेल. साहेबाची बोलणी खाली मान घालून ऐकणारा माणूस घरी येतो आणि डब्याचं झाकण सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेतो. घाव निमूट सोसतो आणि ओरखड्याला पेटून उठतो. असं का?

या महिला तुरुंगात बदली होऊन आल्यापासून मी हेच बघते आहे. मागच्या आठवड्यात एकीचं अपील फेटाळलं गेलं. निरोप मीच सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मी धास्तावून दिवसभर तिच्यावर नजर ठेवली, पण काही झालं नाही. दोन-तीन दिवसांनी दोरीवरच्या तिच्या जागेवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला, तर हिने त्या बाईला केस धरून फरशीवर आपटलं. टॉवेलसाठी!

आमच्या अधीक्षक, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तुला नवल वाटतंय, कारण तू नवी आहेस." असेलही. पण मग पावाच्या भट्टीचं काय? तुरुंगाला लागणारा पाव आमच्या कैदीच भाजतात. तिथे उकाडा बराकीपेक्षा जास्त, हातात सुऱ्या आणि तापलेले पत्रे, आणि बाया त्याच. तरी तिथे भांडण म्हणून होत नाही. भट्टी सांभाळणारी एक थोराड बाई आहे. सगळ्या तिला भट्टीवालीच म्हणतात. घरच्या भांडणात तिने दिराच्या डोक्यात लोखंडी कांब घातली होती, तो वाचला नाही. इथे मात्र इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. एप्रिलअखेर तिचं प्रकरण मुदतपूर्व सुटकेच्या समितीपुढे जायचंय आणि तिच्या वर्तणुकीचा अहवाल मी लिहायचा आहे.

इथे दिवसभर काही ना काही वाजत असतं: कड्या, बादल्या, शिट्ट्या. घरी गेल्यावरही कानात वाजतच राहतं. काल तुझ्या जावयाला चष्म्याच्या डबीवरून असं झापलं की तो बिचारा डबी सोडून चपला शोधायला लागला. तू आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलंस. आता सांग.

तुझी,
धाकटी

*

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचता वाचता चहा गार झाला, इतके कोडे आवडले. क्रमाने जाऊ.

तुरुंगातल्या हिंसेची दोन उत्तरे अभ्यासकांनी फार पूर्वीपासून दिली आहेत. पहिले तुझ्या मोठ्या बाईंचे. माणूस आत जाताना पैसे, अंगठी, घड्याळ दारात काढून ठेवतो, परंतु स्वभाव, सवयी आणि आपल्या गल्लीचे नियम बरोबर घेऊन जातो. हिंसा बाहेरून येते, असे हे उत्तर सांगते. दुसरे उत्तर याच्या उलट आहे. तुरुंग माणसाकडून स्वातंत्र्य, खासगीपणा, आपली माणसे, साधी साधी निवड करण्याचा हक्क काढून घेतो, आणि या वंचनेतूनच हिंसा उगवते. दोन्हींत तथ्य आहे. पण तुझी भट्टी पहिल्या उत्तराला चांगलीच अडचणीत आणते. त्याच बाया बराकीत भांडतात आणि भट्टीपाशी भांडत नाहीत, तर खोड त्यांच्या सोबत आत-बाहेर करते असे म्हणायचे काय?

आता टॉवेल. आपल्याकडे 'वड्याचं तेल वांग्यावर' म्हणतात, ते शास्त्रालाही मान्य आहे. न्यायालयाच्या अंगावर धावून जाता येत नाही, दोरीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर जाता येते. मात्र एक गैरसमज टाळ. मन म्हणजे वाफ कोंडलेले भांडे नव्हे. उशी बडवल्याने राग निघून जातो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. राग तसा कमी होण्याऐवजी बहुधा वाढतो. खरे घडते ते असे, की दुखावलेले मन पहाऱ्यावर बसते. एरवी ज्याला आपण चूक म्हणू, त्यात त्याला हेतू दिसू लागतो. टॉवेल 'चुकून घातला' असे त्याला दिसत नाही, 'मुद्दाम घातला' असे दिसते.

मग करायचे काय? अनिश्चितता हे या पहाऱ्याचे खाद्य आहे. दवाखान्यात डॉक्टर उशिरा येणार हे कळले तर माणसे वर्तमानपत्र उघडतात. काहीच कळले नाही तर खुर्चीवरून भांडतात. तुझ्या बायांना कशाकशाची वाट पाहत ताटकळावे लागते ते शोध. जे घडणार आहे तेही आणि जे घडणार नाही तेही त्यांना वेळेवर कळू दे. माझा अंदाज आहे, निम्मी भांडणे गळून पडतील.

जावईबापूंना चपला सापडल्या का, ते कळव.

तुझी आत्या

*

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

अगं, चालला तुझा उपाय!

सगळ्यात जास्त ताटकळणं भेटीच्या दिवशी असतं, हे मला तुझं पत्र वाचताक्षणी सुचलं. आधी एक शिपाई बाई बराकीबराकीतून फिरून ऐन वेळी नावं सांगायची. कुणी नहाणीत असली तर तिची भेट हुकायची. आपल्याला भेटायला कुणी येणार आहे की नाही, हे सकाळभर कुणालाच माहीत नसायचं. दुपारपर्यंत दोन-तीन भांडणं जुंपलेली असायची.

आता मी अंगणात मोठा फळा लावलाय. कुणाकडे कोण येणार, किती वाजता, ते काही दिवस आधीच त्यावर लिहितो. भेटीच्या दिवशी स्पीकरवरून नाव पुकारतो. आणि येणारं माणूस आलं नाही, तर तेही पुकारतो, म्हणजे कुणी उगाच फाटकाकडे डोळे लावून बसायला नको. तूच लिहिलं होतंस ना, न घडणारंही कळू दे म्हणून. भेटीच्या रांगेतली भांडणं बंदच झाली. मोठ्या बाई तर हरखल्यात. पाहणीला येणाऱ्या वरिष्ठांना त्या आधी फळ्याकडेच घेऊन जातात.

बायांनाही मजा वाटते. एक चुणचुणीत कैदी आहे, तोंड म्हणून मिटत नाही तिचं. सगळ्या तिला रेडिओ म्हणतात. ती हाताचा कर्णा करून आमच्या शिपाई बाईंची नक्कल करते: "लक्ष द्या, लक्ष द्या! तीन नंबरच्या नळाचं पाणी आलेलं आहे. त्याने आपल्या बादलीला भेटावं!" मी रागावल्याचं सोंग करते आणि ऑफिसात जाऊन हसते.

आणि एक गंमत. येत्या भेटीच्या फळ्यावर भट्टीवालीचं नाव आहे! मुलगी येणार आहे. लहान असताना एकदा आजोबांबरोबर आली होती म्हणे, त्यानंतर थेट आता. मी स्वतः खडूने नाव लिहिलं. भट्टीवाली फळ्यापुढे उभी राहून बराच वेळ बघत होती. वाचता तिला येतं, तरी मला म्हणाली, "बाई, जरा वाचून दाखवा ना." मी मोठ्याने वाचलं. आख्ख्या अंगणाने टाळ्या वाजवल्या.

तुझी,
धाकटी

*

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मला इतका आनंद झाला आहे, की शेजारीण विचारू लागली, "लॉटरी लागली का?" मी म्हटले, त्याहून मोठे! आयुष्यभर वर्गात सांगितलेली गोष्ट कुणीतरी भिंतीवर टांगली आणि ती चालली.

एप्रिलच्या अखेरीस माझ्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. त्यात तुझ्या फळ्यावरच बोलायचे ठरवले आहे. तुरुंगाचा उल्लेख मोघम ठेवीन, काळजी नको. भेटीच्या रांगेत पूर्वी किती भांडणे होत आणि आता किती, ते जमेल तसे कळव. आणि भट्टीवालीची लेक येऊन गेली असेल, तर ते सगळे सविस्तर लिही. मला ते ऐकायचे आहे.

तुझी आत्या

*

३० मार्च

ती. आत्यास,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. कामं फार आहेत.

एक वाईट बातमी आहे. भट्टीवालीने रेडिओच्या कपाळावर पावाचा लोखंडी साचा मारला. पाव वाटायची वेळ होती. भुवईवर टाके पडलेत. डोळा थोडक्यात वाचला. कारण काही नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांच्या जबान्या घेतल्या, सगळ्या तेच सांगतात: कुणी तिला काही बोललं नाही, कुणी धक्काही दिला नाही.

मोठ्या बाईंनी मला समोर बसवून अहवालाचं शेवटचं वाक्य सांगितलं: 'कैदी स्वभावतः हिंसक असून तिच्या वर्तनाची हमी देता येत नाही.' हे वाक्य एकदा प्रकरणात शिरलं की कुठलीही समिती तिला सोडणार नाही. यंदा नाही आणि पुढेही नाही. मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्या म्हणाल्या, "घे. पण दोन दिवसांनी फुटलेली भुवई सांधणार आहे का?"

खरं सांगू? मलाही आता वाटतं, त्यांचंच बरोबर असेल. तेव्हा कांब होती, आता साचा आहे. मधली शांत वर्षं म्हणजे नुसती उसंत.

मेळाव्यात तू दुसरं काहीतरी बोललीस तर बरं होईल. म्हणजे, तुरुंगाच्या गोष्टी बाहेर गेलेल्या वरिष्ठांना आवडत नाहीत. बाकी काही नाही.

तुझी,
धाकटी

*

४ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सही करू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

'कारण काही नव्हतं' हे वाक्य मानसशास्त्राच्या कोणत्याही परीक्षेत नापास होते. त्याचा खरा अर्थ एवढाच, की पाहणाऱ्याला कारण दिसले नाही. आणि पाहणाऱ्याची एक जुनी खोड असते. आपण स्वतः चिडलो की परिस्थितीकडे बोट दाखवतो: ऊन होते, झोप झाली नव्हती, समोरचा उद्धट होता. दुसरा चिडला की त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. तू डबीवरून नवऱ्याला झापलेस तेव्हा मला कड्या-बादल्यांचा आवाज सांगितलास. भट्टीवालीच्या बाबतीत मात्र दिराच्या डोक्यात घातलेली कांब सांगतेस.

आता तुझ्या पत्राबद्दल. दोन मार्चच्या पत्रात पानभर फळा होता. तीस मार्चच्या पत्रात त्याचे नावही नाही. मी भट्टीवालीच्या मुलीविषयी विचारले होते, त्याचे उत्तर नाही. मी आकडे मागितले होते, तेही नाहीत. आणि मेळाव्यात मी दुसऱ्या विषयावर बोलावे, असे तू सुचवतेस. आयुष्यभर मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. मुले कोणता प्रश्न सोडून देतात यावरून त्यांना काय ठाऊक आहे, हे ओळखायला शिकले आहे.

ती मुलगी आली नाही ना? आणि ते स्पीकरवर पुकारले गेले, होय ना?

मला वाचवू नकोस. माझे भाषण पडले तर सभागृह रिकामे होईल, एवढेच. तुझे वाक्य कागदावर पडले तर एक बाई आयुष्यभर आत राहील. जे घडले ते जसेच्या तसे लिही. कोण कुठे उभे होते, कोण काय म्हणाले, कोण पाहत होते.

तुझी आत्या

*

९ एप्रिल

ती. आत्यास,

तू ओळखलंस. मी काय तोंडाने लिहिणार होते? उपाय तुझा, आणि तू शेजारणीलाही सांगून बसली होतीस. ऐक आता.

फळ्यावर नाव लागल्यापासून सगळी बराक भट्टीवालीच्या मागे होती. "काय गं, लेक येणार!" "ओळखशील का तरी तिला?" एकीने केस विंचरून दिले, एकीने ठेवणीतला आरसा दिला. तिने परवानगी काढून बेदाणे घातलेला एक पाव भाजला. सकाळपासून धुतलेले कपडे घालून तो पाव मांडीवर घेऊन बसली, अंगणाच्या मधोमध, कारण फाटक तिथूनच दिसतं.

वेळ झाली. वेळ टळली. मग स्पीकरवर तिचं नाव आलं आणि ती उठली. आत्या, ती उठली! हातात पाव घेऊन दोन पावलं टाकली. तेवढ्यात पुढचं आलं: "भेट रद्द. भेटणारी व्यक्ती हजर नाही." हे शब्द मीच ठरवून दिले होते.

सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. तिने पावाचे तुकडे केले, वाटले आणि कामाला गेली. त्यानंतर येता-जाता जी ती तिला म्हणे, "येईल गं पुढच्या खेपेला." ती म्हणे, "हो ना." मुलगी का आली नाही, कुणालाच माहीत नाही. काही निरोपही नाही.

मग दोन दिवसांनी पाव वाटताना एक घाणा कमी पडला. भट्टीवाली रिकामा साचा घेऊन सांगायला आली, "जरा थांबा, दुसरा निघतोय." तेवढ्यात रांगेतून रेडिओने हाताचा कर्णा केला: "लक्ष द्या, लक्ष द्या! पावाची भेट रद्द. पाव हजर नाही!"

रांग हसली. वाढणाऱ्या हसल्या, माझी शिपाई बाई हसली. रेडिओचं लक्षसुद्धा भट्टीवालीकडे नव्हतं, तिची रोजचीच नक्कल होती. जबान्यांमध्ये सगळ्यांनी म्हणूनच लिहून दिलं, पावावरून विनोद झाला, तिला कुणी काही बोललं नाही. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

मी भट्टीवालीला विचारलं, "रेडिओवर तुझा इतका राग होता?"

"तिच्यावर कशाला असेल? माझ्या हातचा पाव सगळ्यांत आधी तीच चाखते."

"मग?"

"त्या हसल्या, तेवढंच ऐकू आलं, बाई. मग साचा खाली पडल्याचा आवाज."

मी अजून सही केलेली नाही. मोठ्या बाई रोज विचारतात. फळ्याचं कौतुक वरपर्यंत पोचलंय. फळ्यामुळे एकीचं डोकं फुटलं असं लिहिलं, तर त्यांचं काय होईल आणि माझं काय होईल, तूच बघ. मला कशातच चैन नाही.

तुझी,
धाकटी

*

१३ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्याच ठिकाणी थांबले: ती उठली.

माझी चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती शिकण्यासारखी आहे. अनिश्चितता माणसाला त्रास देते, हे खरेच आहे. म्हणून वाईट बातमीही वेळेवर कळावी, हेही बरोबर. पण ती कळावी 'कुणादेखत', हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. दवाखान्यातल्या खुर्च्यांवर बसलेली माणसे एकमेकांना अनोळखी असतात, उद्या ती एकमेकांना दिसणार नाहीत. तुरुंगात तेच डोळे उद्याही असतात, परवाही असतात. ज्याच्याजवळचे सगळे काढून घेतले आहे, त्याच्याजवळ उरते ती चार माणसांतली पत. ती गेली की मागे काही राहत नाही. त्यामुळे तुरुंगातल्या पुष्कळ हिंसेच्या मुळाशी रागापेक्षा लाज असते. बाहेर आपण लाज वाटली की घरी जातो, दार लावून घेतो. तिला लावून घ्यायला दार नव्हते.

फळ्याने रांगेतली भांडणे थांबवली, म्हणून आपण त्याला यश म्हटले. ती भांडणे मोजणे सोपे होते. फळ्याने जे नवे दुखणे निर्माण केले, ते रांगेत दिसत नव्हते, म्हणून ते आपण मोजले नाही.

पण हेही लक्षात ठेव: कारण समजले म्हणजे कृत्य माफ झाले, असे नव्हे. रेडिओची भुवई खरी आहे, ती वेदना खरी आहे, आणि त्यासाठी भट्टीवालीला शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न शिक्षेचा नाही, त्या एका शब्दाचा आहे. 'तिने मारले' हे सत्य आहे. 'ती स्वभावतः हिंसक आहे' हे अनुमान आहे, आणि ते पुराव्यावर उभे नाही.

सोबत समितीसाठी माझे सही केलेले निवेदन आहे. न घडणाऱ्या भेटीही जाहीर कराव्यात हा सल्ला माझा होता आणि तो सदोष होता, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते जोडायचे की नाही, हे तू ठरव. नोकरी तुझी आहे. मी तुला धीट हो असे सांगणार नाही, दुसऱ्याच्या पगारावर धीट होणे फार सोपे असते.

आणि मी म्हणते म्हणून माझे हे स्पष्टीकरण खरे मानू नकोस. एकदा माझी गाडी घसरली आहे. 'रद्द'ची घोषणा काढून टाक, तो निरोप त्या बाईला एकटीला गाठून सांग, आणि काय होते ते पाहा.

तुझी आत्या

*

२ मे

ती. आत्यास,
सा. न.

समितीची बैठक झाली.

मी अहवालात ते वाक्य न घालता तुझं निवेदन जोडलं. मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा असतो, हे ऐकून होते. तू तर आत्याकडून टपालाने मागवलास!" पण त्यांनी ते पान काढून टाकलं नाही. समितीकडे पाठवलं.

'रद्द'ची घोषणा तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात बंद केली. आता फळ्यावर फक्त वेळा आहेत, नावं नाहीत. निरोप आम्ही एकेकीला बाजूला नेऊन सांगतो. बराकीतलीही भांडणं कमी झाली आहेत, पण इतक्या थोड्या दिवसांवरून काही सिद्ध होत नाही. बघ, तुझीच शिकवण.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, स्पीकरने मारलं?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मारलं तिनेच. पण ती स्वभावाने तशीच असती, तर मारायला इतकी वर्षं थांबली नसती. सुऱ्या आणि तापलेले पत्रे रोज तिच्या हातात होते."

"उद्या बाहेर तिला कुणी हसलं तर?"

त्याची हमी मला देता येत नव्हती. तसंच सांगितलं. मग त्यांनी रेडिओला बोलावलं. भुवईवर व्रण घेऊन ती आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारल्याशिवाय बोलली नाही.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"मस्करीची कुस्करी झाली साहेब. डोकं माझं फुटलंय, म्हणून सांगायचा हक्क माझा. तिला शिक्षा द्या, चांगली द्या. पण 'ही तसलीच' असं नका लिहू. त्या हिशेबाने आम्ही सगळ्याच तसल्या. मग समिती कशाला बसवता? एक शिक्का करून ठेवा!"

मोठ्या बाई खाली बघून हसल्या. मी पाहिलं.

निर्णय असा. दोन महिने भट्टीचं काम बंद. सुटका यंदा नाही, प्रकरण पुढच्या बैठकीत पुन्हा येणार. आणि 'स्वभावतः हिंसक' हे वाक्य अहवालात घालायचं नाही. घातलेलं नाही.

तिला सांगायला मीच गेले. भट्टीमागे पिठाच्या गोण्यांची खोली आहे, तिथे बोलावलं.

ती म्हणाली, "नाही म्हणाले ना?"

"आत्ता नाही म्हणाले. पुन्हा विचार करणार आहेत."

"पुन्हा म्हणजे खरंच पुन्हा?"

"खरंच. कागदावर आहे."

ती गोणीवर बसली. मग म्हणाली, "अंगणात कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. तू सांगशील तेव्हाच कळेल."

मी विचारलं, थांबू का. मान हलवून नको म्हणाली. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. पीठ न्यायला दोघी आल्या, त्यांना म्हटलं, नंतर या. आतून आवाज येत होता. तो ऐकू येऊ नये म्हणून मी त्या दोघींशी काहीबाही बोलत राहिले.

पुढची बैठक हिवाळ्यात आहे. अध्यक्षांचा तो प्रश्न तेव्हा पुन्हा येणार. 'उद्या बाहेर तिला कुणी हसलं तर?' काय सांगू?

तुझी,
धाकटी

*

८ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मेळाव्यात मी फळ्यावरच बोलले, पण फसलेल्या फळ्यावर. टाळ्या कमी पडल्या, प्रश्न मात्र पुष्कळ आले. शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

अध्यक्षांचा प्रश्न योग्य आहे. त्याला हमीचे उत्तर कुणाजवळच नाही, आणि तसे सांगितलेस हे चांगले केलेस. परंतु हा प्रश्न त्यांनी एकट्या भट्टीवालीबद्दल विचारला. तो सर्वांबद्दल विचारता येतो. म्हणून बैठकीपूर्वी प्रत्येक सदस्याला एक छोटी चाचणी करायला सांग. आधी तू कर, जावईबापूंकडूनही करून घे. कागद लागत नाही, पेन लागत नाही.

गेल्या महिन्याभरात क्षुल्लक गोष्टीवरून आलेला एखादा राग आठवायचा. अगदी क्षुल्लक हवा, नंतर आपल्यालाच ओशाळे वाटले असेल असा. डोळे मिटून तो प्रसंग चित्रासारखा समोर आणायचा: जागा, माणसे, बोललेले शब्द. आता त्या चित्रातून तुम्ही आणि समोरचा माणूस सोडून बाकी सगळ्यांना पुसून टाकायचे. पाहणारे नाहीत, ऐकणारे नाहीत, हसणारे तर नाहीतच. तोच शब्द, तीच चूक, पण खोलीत फक्त दोघे. राग किती उरला?

मग आणखी एक गोष्ट पुसायची: त्या दिवशी, किंवा आदल्या दोन दिवसांत, गिळून टाकलेले जे काही असेल ते. आता पुन्हा पाहायचे. जेवढा राग उरला, तेवढाच त्या समोरच्या माणसाच्या वाट्याचा होता.

मी काल करून पाहिले. माझा काहीच उरला नाही. तू करून पाहा आणि तुझा किती उरला ते कळव.

तुझी आत्या